गुडघा खरंच बिजागरी आहे का?

खोपोलीच्या शिळफाट्यावर औषधाच्या दुकानात गुडघ्याचा पट्टा मागितला की साधारण दोन प्रकार पुढे येतात. एक मोज्यासारखा ताणून चढवायचा. दुसऱ्याच्या दोन्ही अंगांना धातूच्या पट्ट्या असतात आणि मधोमध बिजागरी. ही बिजागरी हातात घेऊन बघावी. स्वस्तातल्या पट्ट्यात एकच रिव्हेट असतो आणि वरची-खालची पट्टी त्याच्याभोवती फिरते. महागातल्यात शेजारी शेजारी दोन रिव्हेट असतात, पट्ट्यांच्या टोकांना दाते असतात आणि ते एकमेकांत अडकून सरकतात. म्हणजे दोन कारखानदारांनी गुडघ्याबद्दल दोन वेगळी मतं गृहीत धरली आहेत. पहिल्याच्या मते गुडघा दारासारखा एका ठरलेल्या आसावर फिरतो. दुसऱ्याच्या मते वाकता वाकता हा आस जागा बदलतो.

हाच वाद शरीररचनाशास्त्रात जवळजवळ दोनशे वर्षं चालू आहे. बिजागरीच्या सांध्यांचा म्हणून जो गट शाळेच्या पुस्तकापासून शिकवला जातो, त्यात बोटांची पेरं, कोपर, घोटा आणि गुडघा येतात. यांतला कोणता सांधा खरा बिजागरीसारखा चालतो, कोणता अर्धवट आणि कोणता मुळीच नाही, याबद्दल आज काय ठरलं आहे आणि काय ठरलेलं नाही, हे इथे क्रमाने मांडायचं आहे. कर्जत-खालापूर पट्ट्यात हा प्रश्न पुस्तकातला राहत नाही. इथे भाताची बेणणी उकिडवं बसून होते, दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणारी कातकरी कुटुंबं दिवसच्या दिवस उकिडव्याने विटा पाडतात, आणि चैत्रात एकवीरेच्या पालख्या पायी घाट चढतात. गुडघा कसा वाकतो याचं उत्तर चुकलं, तर त्याचा भार या माणसांवर पडतो.

बिजागरी कशाला म्हणायचं

सांध्यांचे गट पाडण्याचा एक जुना भारतीय प्रयत्न सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात सापडतो. तिथे एकूण २१० सांधे मोजले आहेत आणि त्यांचे आठ प्रकार केले आहेत. त्यांतल्या 'कोर' या प्रकारात बोटं, मनगट, घोटा, गुडघा आणि कोपर एकत्र ठेवले आहेत. मनगट सोडलं तर ही यादी आजच्या पाठ्यपुस्तकातल्या यादीशी जुळते. पाश्चात्त्य परंपरेत गॅलेनपासून असाच एक गट चालत आला. मात्र दोन्हीकडे वर्गीकरणाचा आधार एकच होता: हाडांच्या टोकांचा आकार आणि बाहेरून दिसणारी हालचाल.

आधुनिक व्याख्येला चार गोष्टी लागतात. हालचाल एकाच आसाभोवती व्हावी. एका हाडाचं टोक मधोमध खाच असलेल्या कप्पीसारखं असावं आणि दुसऱ्याचं त्या खाचेत बसणारं. सांध्याच्या दोन्ही बाजूंना भक्कम अस्थिबंध असावेत, म्हणजे आडवी हालचाल होणार नाही. आणि सांध्याभोवतीची पिशवी पुढून-मागून सैल असावी, म्हणजे वाकायला वाव राहील.

या चारही अटी सर्वांत नीट पाळतात ती बोटांची पेरं. मधल्या बोटाचं मधलं पेर दुसऱ्या हाताच्या चिमटीत धरून डावी-उजवीकडे हलवून बघा, ते जवळपास हलत नाही. तेच बोट तळव्याला जिथे जोडलं आहे तिथे हलवा, सहज हलेल, कारण तो सांधा बिजागरीचा नाही. पेरांबद्दल अभ्यासकांत फारसा मतभेद नाही, म्हणून तिथे अडून राहायची गरज नाही.

कोपर

कोपराच्या बाबतीतही बऱ्यापैकी एकमत आहे, पण दोन अटींसह. दंडाच्या हाडाचं खालचं टोक कप्पीसारखं आहे आणि मनगटाकडे जाणाऱ्या दोन हाडांपैकी करंगळीच्या बाजूचं हाड त्या कप्पीला मागून आकड्यासारखं धरून ठेवतं. ही जोडी बिजागरीच आहे. मात्र त्याच पिशवीत अंगठ्याच्या बाजूचं हाडही येतं आणि ते स्वतःभोवती फिरतं. कुलूप उघडताना किल्ली फिरते ती त्याच्या जोरावर. त्यामुळे कोपर म्हणजे एकाच पिशवीत बसलेली बिजागरी आणि फिरता सांधा.

दुसरी अट आसाबद्दल. १९७६ साली मॉरे आणि चाओ यांनी मोजमाप करून दाखवलं की कोपर वाकताना त्याचा आस अगदी थोडा डुलतो. १९८१ मध्ये लंडन या शल्यविशारदाने मांडलं की दोन टोकांची शेवटची काही अंशांची हालचाल वगळली तर आस स्थिर धरायला हरकत नाही. फरक काही अंशांचाच, पण शस्त्रक्रियेत त्याची किंमत मोजावी लागली. १९७०च्या दशकात कोपरात बसवलेल्या एकाच आसाच्या घट्ट धातूच्या बिजागऱ्या हाडातून सैल होऊ लागल्या, कारण आस डुलू पाहतो तेव्हाचा सगळा पीळ धातू आणि हाड यांच्या जोडावर येत होता. त्यानंतरच्या रचनांत बिजागरीला मुद्दाम काही अंशांची ढील ठेवण्यात आली, आणि त्या टिकल्या. सांध्याबद्दलचं मत थोडंसं चुकलं तरी शरीर ते कसं दाखवून देतं, याचं इतकं स्पष्ट उदाहरण क्वचितच मिळतं.

घोटा

घोट्यापाशी वाद खरा सुरू होतो. नडगीचं हाड आणि तिच्या बाहेरच्या अंगाचं बारीक हाड यांनी मिळून केलेल्या खोबणीत घोट्याचं हाड बसतं. आपल्या पायाचे दोन्ही घोटे एकाच वेळी चाचपले तर बाहेरचा आतल्यापेक्षा खाली आणि थोडा मागे लागतो. म्हणजे आस आडवा नसून तिरका आहे. घोट्याचं हाड पुढून रुंद आणि मागून अरुंद आहे. पाऊल वर उचललं की रुंद भाग खोबणीत शिरतो आणि सांधा घट्ट होतो. उकिडवं बसल्यावर घोटा याच घट्ट अवस्थेत असतो.

१९५२ साली बार्नेट आणि नेपियर यांनी घोट्याच्या हाडाच्या दोन्ही बाजूंच्या गोलाया मोजल्या आणि त्या वेगळ्या निघाल्या. त्यांचा निष्कर्ष असा की पाऊल वर जाताना आस एक असतो आणि खाली जाताना दुसरा. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या इन्मन यांनी याच्या उलट मत दिलं. घोट्याच्या हाडाचा माथा हा एका शंकूचा तुकडा आहे, शंकूचं निमुळतं टोक आतल्या बाजूला आहे, आणि म्हणून एकच आस पुरतो. इन्मन यांचं पुस्तक इतकं प्रमाण मानलं गेलं की पुढे अनेक कृत्रिम घोटे त्याच आकारावर बेतले गेले. १९८९ मध्ये स्वीडनच्या लुंडबर्ग यांनी जिवंत माणसांच्या हाडांत बारीक खुणेचे मणी ठेवून क्ष-किरणांनी हालचाल टिपली, तेव्हा आस बदलताना दिसला. आणि २०१४ मध्ये सीगलर आणि सहकाऱ्यांनी संगणकीय त्रिमितीत मोजून सांगितलं की शंकू आहे, पण त्याचं निमुळतं टोक बाहेरच्या बाजूला आहे. इन्मन यांच्या बरोबर उलट. चाळीस वर्षं पायाभूत मानलेली दिशाच फिरली. यावर अजून सर्वमान्य निकाल लागलेला नाही.

घोट्याचा आणखी एक प्रश्न थेट आपल्याकडचा आहे. लाहोरला शरीररचनाशास्त्र शिकवणाऱ्या हॅवलॉक चार्ल्स यांनी १८९३ साली पंजाबी माणसांच्या पायाच्या हाडांवर एक निबंध लिहिला. नडगीच्या खालच्या कडेवर आणि घोट्याच्या हाडाच्या मानेवर त्यांना समोरासमोर छोटे गुळगुळीत चट्टे दिसले. खूप वेळ उकिडवं बसणाऱ्यांत ही दोन हाडं पुढच्या बाजूला एकमेकांना टेकतात, तिथले हे चट्टे. इंदरबीर सिंग यांनी १९५९ मध्ये भारतीय हाडांवर त्यांची सविस्तर नोंद केली. पण १९५४ मध्येच बार्नेट यांनी युरोपीय हाडांतही काही प्रमाणात असे चट्टे असल्याचं दाखवलं होतं, आणि जन्मापूर्वीच्या अर्भकांतही ते आढळले होते. मग ते सवयीने होतात, की जन्मतः असतात आणि सवय फक्त ते टिकवते? पुरातत्त्वज्ञ आजही सांगाड्यातला माणूस उकिडवा बसत असे का, हे या चट्ट्यांवरून ठरवतात. तेव्हा हा प्रश्न नीट सुटायला हवा असं मला वाटतं.

गुडघा: दोनशे वर्षांचा वाद

गुडघा समजून घ्यायला मटणाच्या दुकानासारखी जागा नाही. खाटकाला बोकडाच्या मांडीखालचा सांधा तोडू नका, फक्त वरून उघडून द्या, असं सांगावं. (पायाचा खालचा, उलटा वाकलेला सांधा अनेकांना गुडघा वाटतो, पण तो बोकडाचा घोटा आहे.) उघडलेल्या सांध्यात मांडीच्या हाडाचे दोन पांढरेशुभ्र, ओलसर गोळे दिसतात. त्यांच्याखाली नडगीवर चंद्रकोरीसारख्या दोन गाद्या असतात, आणि मधोमध कातरीसारखे एकमेकांना छेदणारे दोन दोर. पाय हळूहळू वाकवला की हे दोर आळीपाळीने ताणले जातात आणि गोळे सपाट नडगीवर सरकतात. कोपरासारखी आकड्याची पकड इथे नाही. नडगीचा माथा जवळजवळ सपाट आहे आणि सगळी भिस्त दोर, गाद्या आणि स्नायूंवर आहे. बोकडाचा गुडघा माणसासारखा पूर्ण सरळ होत नाही, एवढा फरक लक्षात ठेवावा.

दुसरी खूण खुर्चीवर बसून मिळते. गुडघा काटकोनात वाकवून टाच जमिनीवर ठेवा आणि पाऊल आत-बाहेर वळवा. नडगी स्वतःभोवती फिरते. आता पाय सरळ ताणा आणि तेच करा. वळलंच तर ते कमरेतून वळेल, गुडघ्यातून नाही. वाकलेला गुडघा दोन प्रकारे हलतो आणि सरळ गुडघा कुलूपबंद असतो. सरळ होतानाच्या शेवटच्या वीसेक अंशांत नडगी आपोआप बाहेर वळते आणि हे कुलूप बसतं. एवढ्यावरूनच गुडघा शुद्ध बिजागरी नाही हे मान्य झालं आहे. वाद आहे तो, मग तो नेमका काय आहे, याचा.

पहिलं मत जर्मनीतल्या व्हिल्हेल्म आणि एडुआर्ड वेबर या भावांचं. १८३६ साली चालण्याच्या यंत्रणेवरच्या ग्रंथात त्यांनी सांगितलं की मांडीचं हाड नडगीवर लोळतं आणि घसरतं, म्हणजे स्पर्शाची जागा मागे सरकत जाते.

दुसऱ्या मताची सुरुवात १९०४ मध्ये त्सुप्पिंगर यांनी केली आणि १९७४ मध्ये व्हिएन्नाच्या मेन्शिक यांनी ते भूमितीत बसवलं. मधले दोन छेदणारे दोर आणि दोन हाडं मिळून चार दांड्यांची एक चौकट होते, आणि ती वाकताना तिचा आस एका ठरावीक वक्रावरून मागे जातो. ऑक्सफर्डच्या ओ'कॉनर यांनी पुढे हे मॉडेल नेटकं केलं. हे मत इतकं सुबक आहे की अभियंत्यांना ते लगेच पटतं. जयपूरच्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीसाठी स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांनी केलेला, आणि टाइम साप्ताहिकाने २००९ च्या उत्तम शोधांत गणलेला 'जयपूर नी' हा असाच एकापेक्षा जास्त आसांचा कृत्रिम गुडघा आहे. महाराष्ट्रातल्या शिबिरांत जयपूर फूट बसवून घेणाऱ्यांना ही रचना किती उपयोगी पडते ते दिसतं. आक्षेप मात्र गंभीर आहेत. खरे दोर ताठ दांड्या नसतात, त्यांचे काही धागे ढिले पडतात. आणि ही चौकट गुडघ्याला एका बाजूने बघते, त्यामुळे नडगीचं स्वतःभोवती फिरणं तिच्यात येतच नाही.

तिसरं मत १९९३ चं, हॉलिस्टर आणि सहकाऱ्यांचं. त्यांच्या मते आस जागा बदलतो असं वाटतं ते आपण चुकीच्या कोनातून बघतो म्हणून. गुडघ्यात दोन स्थिर आस आहेत, एक वाकण्याचा आणि एक वळण्याचा, आणि ते एकमेकांना काटकोनात नाहीत. म्हणजे गुडघा दोन बिजागऱ्यांचा, फक्त तिरक्या बसवलेल्या.

चौथं मत २००० सालाच्या आसपास एमआरआयमुळे आलं. लंडनचे फ्रीमन, प्रागच्या पिन्स्केरोव्हा आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी मृत आणि जिवंत गुडघे वेगवेगळ्या अंशांत वाकवून आतलं चित्र घेतलं. आतल्या बाजूचा गोळा जवळपास जागच्या जागी फिरत होता आणि बाहेरचा मात्र दीड-दोन सेंटिमीटर मागे जात होता. पूर्ण वाकवलेल्या, १६० अंशांच्या पुढे गेलेल्या गुडघ्यात बाहेरचा गोळा नडगीच्या मागच्या कडेवरून जवळजवळ उतरलेला दिसला. म्हणजे आतली बाजू उखळीसारखी आणि बाहेरची सरकती.

हे मत बराच काळ अंतिम वाटलं. मग २००८ मध्ये कू आणि अँड्रियाकी यांनी चालताना मोजमाप केलं आणि उलटंच सापडलं. चालताना फिरण्याचं केंद्र बहुतेक वेळ बाहेरच्या बाजूला होतं. ट्रेडमिलवर क्ष-किरणांनी केलेल्या दुसऱ्या एका अभ्यासानेही त्याला दुजोरा दिला.

माझं मत असं की चौथ्या मताचे आणि त्यावर आक्षेप घेणारे लोक वेगवेगळे गुडघे मोजत आहेत. एमआरआयच्या नळीत भार न घेता खोल वाकवलेला गुडघा आणि रस्त्यावर चालताना भार घेत थोडाच वाकणारा गुडघा यांचा आस सारखा निघावा अशी अपेक्षाच चुकीची आहे. पण हे माझं वाचन. क्षेत्रातली सर्व मंडळी ते मान्य करतात असं नाही.

हाडांऐवजी धातू

या मतांची खरी कसोटी शस्त्रक्रियेत लागली. १८९० मध्ये बर्लिनचे थेमिस्टोक्लेस ग्लुक यांनी क्षयाने खराब झालेल्या गुडघ्यात हस्तिदंती बिजागरी बसवली. १९५१ पासून स्वीडनच्या वाल्डियस यांची बिजागरी वापरात आली. दोन्हींत एकच आस होता, आणि कोपरात झालं तेच इथे अधिक जोराने झालं: सैल होणं, संसर्ग, हाड खचणं. १९७१ मध्ये कॅनडाच्या गनस्टन यांनी बिजागरीचा खिळाच काढून टाकला आणि गोळे व नडगी वेगवेगळ्या बसवल्या. १९७४ मध्ये न्यूयॉर्कच्या हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरीत इन्सॉल, राणावत आणि वॉकर यांनी केलेला 'टोटल कॉन्डिलर' हा आजच्या बहुतेक कृत्रिम गुडघ्यांचा पूर्वज. यातल्या चित्तरंजन राणावतांनीच २००० आणि २००१ मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात तेव्हाचे पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचे दोन्ही गुडघे बदलले, आणि घरोघरी या शस्त्रक्रियेची चर्चा सुरू झाली.

बिजागरी मात्र संपली नाही. हाडाच्या गाठीत अस्थिबंधांसकट सांधा काढावा लागतो, तेव्हा आधाराला काही उरत नाही आणि वळू शकणारी बिजागरीच बसवावी लागते. परळच्या टाटा रुग्णालयाने यासाठी देशी बनावटीचे स्वस्त सांधे वापरात आणले.

नेहमीच्या, बिजागरी नसलेल्या कृत्रिम गुडघ्यांबद्दल आज तीन प्रश्न वादात आहेत. मधल्या दोन छेदणाऱ्या दोरांपैकी मागचा ठेवायचा की काढायचा, हा पहिला. वर्षानुवर्षांच्या तुलनेनंतरही दोन्ही बाजूंचे निकाल जवळपास सारखे येतात. आतल्या बाजूला उखळीसारखी पकड असलेले गुडघे रुग्णाला अधिक नैसर्गिक वाटतात का, हा दुसरा. तिसरा सरळपणाचा: पाय कमरेपासून घोट्यापर्यंत काटेकोर सरळ करायचा, की त्या माणसाचा मूळचा कल ठेवायचा? २०१२ मध्ये बेल्जियमच्या बेलेमन्स यांनी विशी ओलांडलेल्या, गुडघ्याची तक्रार नसलेल्या २५० माणसांचे पाय मोजले, तर ३२ टक्के पुरुष आणि १७ टक्के स्त्रिया मुळातच थोड्या कंसाकार पायांच्या निघाल्या. त्यांचे पाय 'सरळ' केले तर ते त्यांचे राहत नाहीत, असं एक पक्ष म्हणतो. दुसरा म्हणतो की सरळ पायात भार समान वाटला जातो आणि गुडघा जास्त टिकतो.

मांडी आणि उकिडवं

मांडी घालणं, उकिडवं बसणं, गुडघे टेकून बसणं यांना ११० ते १६५ अंशांपर्यंत वाक लागतो. नेहमीचा कृत्रिम गुडघा साधारण ११०-१२० अंशांवर थांबतो. हे अंतर भरून काढायला पुण्याच्या डॉ. के. एच. संचेती यांनी भारतीय बसण्याच्या सवयी डोळ्यांसमोर ठेवून 'इंडस' हा गुडघा तयार केला. जगातल्या मोठ्या कंपन्यांनीही 'हाय फ्लेक्स' प्रकार आणले. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राच्या औषध दर प्राधिकरणाने गुडघ्याच्या किमतींवर मर्यादा घातली तेव्हा या प्रकाराला वेगळा दर मिळाला: साधा ५४,७२० रुपये, जास्त वाकणारा ५६,४९०.

पण जास्त वाकणारा गुडघा प्रत्यक्षात रुग्णाला जास्त वाकू देतो का, यावरच्या तुलना निःसंदिग्ध नाहीत. काहींत फरक दिसला, काहींत जवळपास नाही. कोरियातल्या २००७ च्या एका अहवालात अशा ७२ गुडघ्यांपैकी २७ मध्ये मांडीकडचा भाग तीनेक वर्षांच्या आतच सैल झाला, आणि ते बहुतेक उकिडवे किंवा मांडी घालून बसणाऱ्यांत. नंतरच्या इतर मालिकांत एवढं प्रमाण आढळलं नाही. नैसर्गिक गुडघ्यात खोल वाकल्यावर बाहेरचा गोळा नडगीवरून उतरायला लागतो, हे आठवलं की धातूच्या गुडघ्याकडून तीच अपेक्षा किती अवघड आहे ते कळतं.

आणि मूळ सांध्याचं काय? उकिडवं बसून तो झिजतो का? बीजिंगच्या अभ्यासात तरुणपणी तासन् तास उकिडवं बसणाऱ्यांत गुडघ्याची झीज जास्त दिसली. १९९४ मध्ये इंग्लंडच्या कूपर यांनाही वाकून-टेकून काम करणाऱ्यांत तसंच आढळलं. दुसरीकडे, पूर्ण खाली बसल्यावर मांडी पोटरीला टेकते आणि भाराचा काही हिस्सा ती पेलते, त्यामुळे सांध्यावरचा दाब अंदाजापेक्षा कमी असतो, असं यांत्रिकीचे अभ्यासक दाखवतात. त्रास उकिडवं बसण्याचा, की ओझं घेऊन पुन्हा पुन्हा उठण्या-बसण्याचा, हे अजून वेगळं काढता आलेलं नाही. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ पासून केलेल्या घरोघरच्या पाहणीत प्रौढांपैकी ५.८ टक्के जणांना सांध्यांची झीज आढळली. गावातल्या माणसांचे सांधे कसे आहेत हे त्यातून कळलं. पण कोण दिवसातून किती वेळ कसं बसतं, हे मोजत वर्षानुवर्षं पाठपुरावा केल्याशिवाय झीज आणि बसणं यांचा धागा जुळणार नाही. बेणणीच्या हंगामात खालापूरच्या शिवारात किंवा वीटभट्टीवर असं मोजमाप सुरू करणं अवघड नाही.

शस्त्रक्रियेच्या बाबतीत एक गोष्ट मात्र अनेक अभ्यासांत पुन्हा पुन्हा आली आहे. नवा गुडघा किती वाकेल हे सांगणारा सर्वांत भरवशाचा आकडा म्हणजे शस्त्रक्रियेआधी तो किती वाकत होता, हा. नव्वदवर अडकलेला गुडघा घेऊन आलेल्या बाईला बहुधा मांडी परत मिळत नाही, सांधा कोणत्याही कंपनीचा असो. मग वाक शिल्लक असतानाच, वेदना सोसता येण्याजोगी असतानाच शस्त्रक्रिया करावी का? तसं केलं तर धातू लवकर झिजून दुसऱ्या शस्त्रक्रियेची वेळ येण्याचा धोका वाढतो. शल्यविशारदांमध्ये यावर आज दोन तट आहेत, आणि मुंबई-पुण्याच्या बाह्यरुग्ण विभागात बसलेल्या माणसाला कोणत्या तटाचा डॉक्टर भेटतो, यावर त्याचं उत्तर ठरतं.